तक्त्याखालची टीप

आमच्या छापखान्यात तिला सगळे अक्का म्हणतात, मालकसुद्धा. एकोणीस वर्षं ती कॉम्प्युटरवर पुस्तकं जुळवते. मजकुराची मांडणी करायला नेहमी लागणाऱ्या कमांड आपल्या पद्धतीने बदलून तिने एका फाइलीत ठेवल्या आहेत. इतरांनी लिहिलेली तयार कमांडांची सगळी पॅकेजं जोडून झाली की शेवटी ती फाइल जोडायची, म्हणजे शेवटचा शब्द अक्काचा. मी तिथे मुद्रितं तपासतो. नव्या मुलींना ती बजावते ते ऐकून माझे कान किटलेत: "कमांड बदलायची तर आधी आहे ती दुसऱ्या नावाने जपून ठेवा, मग तिच्यात आपलं घाला. पुसून नवी लिहू नका. कुठल्या पॅकेजने तिला काय शिकवलंय, आपल्याला काय माहीत?"

त्या दिवशी मुलांच्या औषधांच्या पुस्तिकेचा दुसरा भाग बाराला छपाईला जायचा होता. साडेदहाला मला दिसलं, तक्त्यात औषधापुढे टिपेचा ठळक आकडा आहे आणि खाली टीपच नाही. मूळ प्रतीत होतं, 'मूत्रपिंडाचा त्रास असल्यास अर्धाच डोस.' पुढचे तक्ते पाहिले. एकाही तक्त्याखाली टीप नव्हती. तक्त्यांबाहेरच्या मजकुरातल्या टिपा जागच्या जागी होत्या, आणि कॉम्प्युटर चूक म्हणून चकार शब्द काढत नव्हता.

"तक्त्यांसाठी वेगळं पॅकेज घातलंय मी," अक्का म्हणाली आणि तिने आपली फाइल उघडली. मग तिचा चेहरा पडला. आकडा ठळक करायला तिने कधीकाळी टिपेची कमांड जुनी पुसून सरळ नवी लिहिली होती. तक्त्यात अडकलेली टीप बाहेर काढून खाली कशी आणायची हे पॅकेजने कमांडला शिकवलं, आणि मागून आलेल्या अक्काच्या फाइलीने ते पुसून टाकलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

चार ओळी बदलल्या, टिपा आल्या. मी हुश्श केलं.

"पहिला भाग?" अक्का म्हणाली.

त्यालाही तेच पॅकेज, तीच फाइल, आणि नुसते आकडे बघून मीही पुढे सरकलो होतो. तो भाग आठवड्यापूर्वीच दवाखान्यांत पोचला होता. अक्काची मुलगी त्यांतल्याच एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. अक्काने फोन स्पीकरवर लावला.

"पहिल्या भागाचं पान एकतीस उघड. तक्त्याखाली काय आहे?"

"काहीच नाही गं. वर आकडा आहे, पण टीप सापडत नाहीये."

"ते औषध दिलंस कुणाला?"

"आत्ताच द्यायचं होतं. थांबलेय. तुझ्या हातचं पुस्तक आहे, आकडा आहे म्हणजे टीप असणारच. मलाच दिसत नसेल म्हणून पुन्हा पुन्हा शोधतेय."

"नाहीये ती. देऊ नकोस. आधी डॉक्टरांना विचार."

फोन ठेवून ती तडक मालकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"पहिल्या भागाच्या सगळ्या प्रती परत मागवा. तक्त्यांखालच्या टिपा गळल्यात, मुलीला आत्ताच फोन करून थांबवलं. चूक माझी आहे."

"सगळ्या? अहो अक्का, मुलीला कळवलंत ना?"

"बाकीच्या दवाखान्यांत माझी मुलगी नाही," ती म्हणाली. "यादी द्या."

यादीत एक्केचाळीस नावं होती. उभ्याउभ्याच तिने पहिला नंबर लावला.