युसूफभाईंनी न भरलेली टाकी

युसूफभाई गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा होता. "सर, अब्बा गेले. परवा दफन झालं. वहीत तुमचा नंबर होता, म्हणून..." तिला आणखी काही बोलायचं असावं, पण तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी "बरं" म्हणून फोन ठेवला. नववीवर जाऊन शिकवलंही. ज्या माणसाशी आपण चार वर्षं बोललो नाही, तो गेल्यावर नेमकं काय वाटायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

जालन्यात औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. पंक्चरवाल्याचा नव्हे, पाणबुडे पाठीवर बांधतात त्या टाक्यांत श्वासाची हवा भरायचा. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा धंदा, म्हणून लोक हसायचे. पण बंधाऱ्याच्या दारांत अडकलेला गाळ काढणारे, विहिरीतल्या मोटारी काढणारे त्यांच्याकडे येत, आणि आम्हीही जायचो. आम्ही म्हणजे शहागडचे पाच पोहणारे. गोदावरीत कुणी बुडालं की तहसीलमधून निरोप येतो आणि आम्ही उतरतो. युसूफभाईंची पद्धत ठरलेली होती. रिकाम्या टाकीचा वॉल्व्ह काढायचा, आत छोटा दिवा सोडायचा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा टाकीच्या मानेत घालून वॉल्व्ह बसतो तिथला एकेक आटा तपासायचा. मग टाकी पाण्याच्या हौदात उभी करून अगदी सावकाश भरायची. तेवढ्यात चहा दोनदा व्हायचा. कुणी घाई केली की ते डावा कान पुढे करत, कारण त्या कानानं त्यांना ऐकूच येत नसे. आखातातल्या बंदरावर काम करताना शेजारी एक टाकी भरता भरता फुटली होती. भरणारा जागीच गेला, यांचा कान गेला. एवढंच सांगायचे, तेही विचारलं तर.

आमच्याकडे दोन टाक्या होत्या. एक लोखंडी, तशी नवी. दुसरी ॲल्युमिनियमची, जुनी, वर्गणी काढून गोदीतल्या जुन्या मालातून आणलेली. आमचा जीव या दुसरीवर. तिला गंज नव्हता, पोचा नव्हता, पुसली की नवरीसारखी चमकायची. ऐनवेळी धावपळ नको म्हणून आम्ही ती बारा महिने भरूनच ठेवायचो. युसूफभाईंना हे आवडत नसे. "मास्तर, ही पयल्या जमान्यातली हे. ह्याच्या धातूचं मिश्रण पुढं कंपन्यांनीच बंद केलं. ह्या टाक्या बाहेरून चकाचक राह्यत्यात अन् मानेत चिरत्यात. नुसती भरून ठेवली तरी चीर वाढत राह्यती." मी मान डोलवायचो. दाबाचा धडा पंधरा वर्षं नववीला शिकवणाऱ्या माणसाला दाब कुणी शिकवायची गरज नसते, असा माझा समज होता. मानेशी बारीक बुडबुडे यायला लागले, तेव्हा मी नळाला लावतात ती पांढरी टेप वॉल्व्हच्या आट्यांवर गुंडाळली. बुडबुडे थांबले. आम्हाला वाटलं, काम फत्ते.

चार वर्षांपूर्वी एके दिवशी हायवेवरचा एक ट्रक ड्रायव्हर आंघोळीला उतरला आणि बुडाला. त्याचा थोरला भाऊ दुपारपर्यंत येऊन काठावर बसला होता, मयताचे कपडे मांडीवर घेऊन. सकाळच्या शोधात दोन्ही टाक्या संपल्या, म्हणून मी जीप घेऊन जालन्याला धावलो. युसूफभाईंनी लोखंडी भरली. दुसरीचा वॉल्व्ह काढला, टेप पाहिली आणि विचारलं, "ही कुणी गुंडाळली?" मग आरसा घालून बराच वेळ पाहिलं. मलाही दाखवलं, पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मला काही दिसलं नाही. "ह्या टाकीत हवा भरणार न्हाई. बिलकुल न्हाई. अन् वापसही देणार न्हाई, तुम्ही दुसरीकडून भरून आणसाल." मी काठावरच्या भावाचं सांगितलं. ते म्हणाले, "मास्तर, जो गेला तो थांबू शकतो. भरणारा अन् उचलणारा, हे दोघं जित्ते हैत." मी तोंडाला येईल ते बोललो. "तुमचं तोंड दुधानं पोळलंय म्हणून आम्ही ताक फुंकून प्यायचं का?" त्यांनी या वेळी डावा कान पुढे केला नाही. ऐकून घेतलं.

एका टाकीवर मी एकटाच उतरलो, कमरेला दोर बांधून. हवा संपली, हाती काही लागलं नाही. वर आलो तेव्हा त्या भावानं विचारलं, "आता उतरणार न्हाई का?" मी कमरेचा दोर सोडायला लागलो. दुसऱ्या दिवशी प्रेत आपसूक वर आलं, प्रवाहात बरंच खाली. आणि मी गावभर सांगत सुटलो की त्या माणसानं आमची टाकी हडपली, भंगारात विकली. टाकी काही फुटली नव्हती ना! ती भरलीच नव्हती, म्हणून फुटली नव्हती, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी कुणाला सांगू दिलं नाही.

फोननंतरच्या रविवारी मी जालन्याला गेलो. शबाना कॉम्प्रेसरपाशी होती. काम आता तीच पाहते. तिनं फळीवरून गोणपाटात बांधलेलं काहीतरी काढलं. आमच्या टाकीचा वरचा भाग होता तो, मधोमध उभा कापलेला. "तुम्ही गेल्ते त्याच्या आठ दिवसांनी अब्बांनी कापली. भंगारवाला दोनदा मागून गेला, दिली न्हाई. म्हणायचे, मास्तर शिकवणारा माणूस हे, एक दिवस बघायला येईल."

"मग फोन का नाही केला?"

"करत होते, सर. तुम्ही उचलत नव्हते."

मी ते तुकडे उजेडात धरले. तोंडापासून खाली, चार आटे ओलांडून केसाएवढी रेघ गेली होती. नख फिरवलं की नख अडकत होतं. ही टाकी मी वर्षभर भरलेली, माझ्या घरात, मुलांच्या खोलीत उभी ठेवत होतो... मला तिथे रडू आलं. माफी मागायची होती, ती आता कुणाकडे मागणार?

शबाना म्हणाली, घेऊन जा, तुमचीच आहे. मी नाही नेली. ती मान अजून त्या फळीवर आहे. कुणी जुनी टाकी घेऊन आलं, घाई करायला लागलं, की शबाना ती त्याच्या हातात देते आणि म्हणते, "नख फिरवून बघा." मग वडिलांचा आरसा घेऊन कामाला लागते. तुकड्याच्या पाठीवर युसूफभाईंनी लाल रंगात लिहून ठेवलंय, ‘शहागडचे मास्तर’. येणारा वाचतो, हे कोण म्हणून विचारतो. शबाना ते पुसणार होती. मी तिला पुसू दिलं नाही.