पाय धुण्याचा गुरुवार

परंड्यात आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकी घरं आणि पत्र्याची एक खोली. दर रविवारी उपासनेआधी मी तिथं मुलांना शिकवते. मुलांना नम्रता शिकवा, आनंद शिकवा, असं पाळकसाहेब सांगतात. महिन्यातून एकदा बार्शीहून एसटीनं येणाऱ्या माणसाचं सांगायला काय जातं!

नम्रता मला कधी शिकवावीच लागली नाही. आमची मुलं ती घरूनच घेऊन येतात. वर्गात दहा वर्षांची एक मुलगी आहे. तिची आई लोकांकडं धुणीभांडी करते आणि सुट्टीत ही तिच्या हाताखाली. बाक रिकामा असला तरी ही दाराशी, चपलांजवळ बसते. खाऊ घ्यायला सगळ्यांत शेवटी हात पुढं करते. मंडळीतले मोठे म्हणतात, "लई गुणाची पोरगी!" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ती नम्र नाही, घाबरलेली आहे. टाळ्या वाजवून आनंदाची गाणी म्हणतानाही तिची नजर जमिनीवरच असते. तिनं एकदा तरी मान वर करून हसावं, एवढंच मला हवं होतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी आमच्यात पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून मोठ्यांनी लहानांचे धुवायचे. यंदा मी तिलाच पुढच्या बाकावर बसवलं. घरून कोमट पाणी आणि नवा टॉवेल आणला होता. आपल्यापुढंही कुणी वाकतं हे कळलं, की ती खुलेल, अशी माझी वेडी आशा.

मी खाली बसून तिचे पाय घमेल्यात घेतले. ते लाकडासारखे ताठ झाले. वर पाहिलं, तर ती रडत होती.

"बाई, उठा की. माझं काय चुकलं सांगा, परत न्हाय करणार."

मोठ्या माणसानं पायाला हात लावला, म्हणजे आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय, असंच तिला वाटलं होतं. मागं मात्र सगळे गहिवरले होते. "देव बोलला बघा पोरीशी," कुणीतरी म्हणालं. मला ओरडावंसं वाटलं.

मी पाय पुसले. ती झटकन उठली, घमेलं बाहेर नेऊन ओतलं आणि त्याच नव्या टॉवेलनं सांडलेलं पाणी पुसून काढलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता रागात न्हाय ना तुमी?"

मी "नाही गं" म्हणाले. तरी ती जाऊन चपलांजवळच बसली.