चटईवर उभी राहणारी मुले

आमच्या शाळेतल्या दुसरीच्या बाईंना सगळे गठ्ठाबाई म्हणत. नाव शिपायाने ठेवले होते आणि बाईंनी ते हसून स्वीकारले. मी त्याच शाळेत कारकून. त्यांचा वर्ग आणि माझे टेबल यांच्यामध्ये एक लाकडी आडोसा होता, त्यामुळे सव्वीस वर्षे त्यांचे गणित माझ्या कानावर पडत आले.

फळ्याखाली तीन चटया असत : शतक, दशक, एकक. प्रत्येकीवर एकेक मूल वर्गाकडे तोंड करून उभे राही. बाई स्वतः शेवटच्या बाकावर मुलांत बसून पुढे काड्या पाठवत.

"एककाच्या घरात पाहुणे किती मावतात?"

"नऊ!"

"आणि दहावा आला तर?"

"बांधा आणि हाकला!"

दहा काड्यांना दोरा बांधून गठ्ठा शेजारच्या चटईवर जाई. बाकावरची मुले पाटीवर आकडा लिहीत. ज्यांना गणित जड जाई, त्यांना बाई मुद्दाम चटईवर जास्त वेळा उभे करत. "आधी हाताला कळू दे," असे त्या म्हणत.

नव्या मुख्याध्यापकांना हा गलका खपेना. "बाई, शाळा आहे की बाजार?" त्यांनी लेखी चाचणी लावली. पंचवीस संख्या ऐकून अंकांत लिहायच्या. निकाल चांगला लागला तर खेळ चालू, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंकडे आणि गठ्ठाबाई ग्रंथालयात. वर्गाशिवाय त्यांना काहीच नव्हते, असे मी म्हणणार नाही. घरी नवरा होता, लेक होती. पण "वर्ग गेला तर मी दिवसभर करू काय हो भाऊ?" हे त्यांनी मला तीनदा विचारले.

गुणांचा तक्ता मीच केला. चौतीस मुलांपैकी पंचवीस उत्तम. उरलेल्या नऊ जणांचे जवळपास सगळेच चूक. सदतीसचे त्र्याहत्तर, दोनशे सहाचे सहाशे दोन. बाईंनी ते नऊ कागद वेगळे काढले.

"भाऊ, ही चटईवरचीच मुलं आहेत. सगळीच्या सगळी."

शाळा सुटली होती. रिकाम्या वर्गात जाऊन त्या दशकाच्या चटईवर उभ्या राहिल्या, बाकांकडे तोंड करून. इतक्या वर्षांत तिथून त्यांनी वर्ग कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी एककाच्या चटईकडे हात केला. तो डावा हात होता.

"इथून सगळं उलटं दिसतं हो," त्या म्हणाल्या आणि चटईवरच बसल्या. मग म्हणाल्या, "जी मागं पडली, त्यांनाच मी इथं उभं करत आले. आधीच्या पंचवीस वर्षांतल्या पोरांचं काय झालं असेल?"



दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. "चूक माझी आहे. मुलांची तोंडं फळ्याकडे केली की झालं. मला फक्त आठ दिवस द्या, या नऊ जणांसाठी."

"बाई, तुम्हाला सव्वीस वर्षं दिली होती," ते म्हणाले.

सोमवारी वर्ग गेला. नव्या बाईंनी चटया गुंडाळून माझ्या कपाटामागे उभ्या केल्या आणि त्या नऊ जणांना रोज शंभर आकडे लिहायला लावले.

महिन्याभराने मी एक नोंदवही घेऊन ग्रंथालयात गेलो होतो. त्या नवांतली सर्वात लहानखुरी, जिला आम्ही चिमणी म्हणायचो, ती पुस्तक बदलायला आली.

"बाई, आता माझं एकही चुकत नाही!"

"हो का? कसं गं जमवलंस?"

"सोप्पंय. मनात येतं त्याच्या उलटं लिहायचं."

"आणि तेहतीस?"

"त्याला काहीच करावं लागत नाही!"

बाई मनापासून हसल्या. मग त्यांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. "बस जरा. तुला एक गंमत दाखवते." तेवढ्यात दारातून नव्या बाईंची हाक आली, "गणिताचा तास बुडवू नकोस गं!" आणि चिमणी पळाली.

बाईंनी ओढलेली खुर्ची परत जागेवर सरकवली.

"भाऊ, तिला आता पैकीच्या पैकी पडतील," त्या म्हणाल्या. "तिला काही कळलेलं नाही, हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही."