पांढरा पंजा

दत्तारामविषयी लिहायचे मी इतकी वर्षे टाळले. नोकरीत होतो तेव्हा नोकरी जाईल म्हणून, निवृत्त झालो तेव्हा पेन्शन अडकेल म्हणून, आणि मग मोतीबिंदूचे कारण आयतेच मिळाले. आता दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. कारणे संपली.

दत्ताराम पेणच्या एका गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. मूर्ती साच्यातून काढणे, घासणे, रंगवणे इतरांकडे. डोळे मात्र त्याचेच. ब्रश टेकवताना श्वास रोखायचा आणि बुबुळ पुरे झाले की मूर्तीलाच विचारायचा, "काय देवा, दिसतंय का?" शेजारचा हसला तर म्हणायचा, "हसू नुको. आंधला देव घरी नेलास तर तुजा नवस कोन बघनार?"

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होतो आणि चोरून एका साप्ताहिकाला बातम्या पुरवत होतो. सरकारी नोकराला हे चालत नसे, म्हणून माझे लिखाण 'आमच्या वार्ताहराकडून' छापले जाई. त्या वर्षी तालुक्यात लागोपाठ तीन खून झाले. तिन्ही घरांच्या दारावर पांढरा हात उमटलेला. संपादकांना खुन्यासाठी चटकदार नाव हवे होते. समोरच्या टपरीवर दत्ताराम कोपरापर्यंत सफेदा माखलेल्या हाताने बशीतून चहा पीत होता. मी लिहिले, 'पांढरा पंजा'.

तेवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पुढे ठोकून दिले की संशयाची सुई गणपतीच्या कारखान्यांकडे वळते, त्यातही डोळ्यांचे नाजूक काम करणाऱ्या हाताकडे. पावसाळ्याच्या तोंडावर अर्ध्या पेणचे हात पांढरे असतात, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण मथळा फार झकास जमला होता.

दत्तारामला चार दिवस चौकीत बसवले. साप्ताहिकाने त्याचा फोटो छापला, खाली मी ठेवलेले नाव, 'पांढरा पंजा'. आठवड्याभरात खरा खुनी कोलाडला सापडला. तो एका ढाब्यावरचा आचारी निघाला. दारावरचे पंजे मैद्याचे होते. खुलासा छापला दोन ओळींचा, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली. म्हशीला चार ओळी होत्या.

दत्ताराम कामावर परतला, तेव्हा मालकाने गिऱ्हाइकांच्या भीतीने त्याच्या हातून देवाचे डोळे काढून घेतले आणि उंदरांचे डोळे दिले. "बदली झाली भाऊसाहेब," त्याने मला सांगितले. "देवाकडनं वाहनखात्यात." त्याचे उंदीर मात्र असे रोखून बघायचे, की मोदकांवर ताट झाकावेसे वाटे.

नाव फोफावत गेले. कासूकडच्या पोरांनी कबड्डीचा संघ काढला, 'पांढरा पंजा'. आया मुलांना त्याच नावाने झोपवू लागल्या. एका गावाने त्यावर नाटक बसवले, तर दत्ताराम पहिल्या रांगेत बसून पाहून आला. "खुनी बरा हाय," तो म्हणाला, "पन हात नीट रंगवलं नाय. सफेदा नखात कसा जातो, ते मना इचारायचं ना!"

एका दुपारी तो कचेरीत माझ्या टेबलाशी आला. "भाऊसाहेब, तुमचं अक्षर चांगलं. ती बातमी ज्यानं लिवली, त्याला एक पत्र लिवा."

"काय लिहू?"

"शिव्या घाला. पन शुद्ध घाला. आनि शेवटी लिवा, माझ्या मालकाला एक वल कलवा, का या हातानं देवाचं डोलं काढायला हरकत नाय."

मी माझ्याच शिव्या शुद्ध मराठीत लिहिल्या. पत्र साप्ताहिकाकडे गेले आणि संपादकांनी ते माझ्याकडेच पाठवले. मालकाला एक ओळ लिहायची, तर माझे नाव फुटेल. पत्र कपाटात गेले. पुढच्या गणपतीपर्यंत दत्ताराम विचारत राहिला, "जबाब नाय आला?" मी मान हलवायचो. "लाज वाटली असंल बिचाऱ्याला," तो म्हणायचा. उंदीर त्याने पुढे बावीस वर्षे रंगवले. देवाचे डोळे पुन्हा कधीच नाहीत.

गेल्या फाल्गुनात तो गेला. त्याच्या आधी पंधरा दिवस मी रोह्याला उतरून, पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात त्याच्या मुलीकडे, सुरेखाकडे गेलो होतो. कोणीतरी 'पांढरा पंजा' म्हणून व्हिडिओ बनवला होता आणि त्यात खुनी म्हणून दत्तारामचाच जुना फोटो. तो तिच्या सासरच्या ग्रुपवर फिरला. सगळे सांगून टाकायचे, असे गाडीत दहा वेळा घोकले होते.

दत्ताराम खाटेवर बसून तोच व्हिडिओ बघत होता. "बगा भाऊसाहेब, म्हातारपनी हिरो झालो."

"हसताय काय, बाबा?" सुरेखा कडाडली. "ज्यानं हे नाव ठेवलं तो समोर आला ना, तर—"

"दत्ताराम," मी म्हणालो, "त्या बातमीचं एक सांगायचं होतं."

"ऱ्हाऊं दे गो," तो मुलीला म्हणाला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "अख्ख्या पेनात यो एकच मानूस माझ्या बाजूनं लिवला. यांना जेवल्याबिगर सोडू नुको."

सुरेखाने डोळे पुसले आणि खाली वाकून माझ्या पाया पडली.

मी पिशवी पुढे केली. "कोलंबीचे सोडे आणलेत," म्हणालो. "चांगले वाळलेत."