ती कोणाकडे पाहत होती?

प्रिय मुलांनो,

भूतखेत, भास, असल्या गोष्टींवर तुमच्या आजीचा विश्वास नाही. हिंगणघाटच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची. वर्गात कोणी भुताची गोष्ट काढली की आधी पुरावा मागायची. पण हे लिहून ठेवते, कारण माझ्यामागे ते फोटो तुम्हालाच सापडतील… आणि विचाराल, ही बाई कोण?

१९७८च्या सुमाराची गोष्ट. तुमचे आजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. रविवारचा त्यांचा एकच नाद — अनोळखी माणसांचे फोटो. बाजारात, एसटी स्टँडवर, स्टेशनवर. कॅमेरा जुना, डब्यासारखा. पोटाशी धरून वरून काचेत वाकून पाहायचं. लोकांना वाटे, हा माणूस डब्यात काहीतरी शोधतोय. कोणी त्यांच्याकडे बघत नसे, आणि त्यांना तेच हवं असे. माझा काढा म्हटलं तर म्हणत, "तू लगेच पोज देते."

एका रोलमध्ये बाजारातल्या मिरच्यांच्या ढिगाआड एक बाई दिसली. नाकात चमकी, आणि हसू… अगदी घरच्या माणसाला पाहून हसावं तसं. पुढच्या रोलमध्ये तीच, अल्लीपूरच्या स्टँडवर. मग वर्धा स्टेशनवर. बाकी सगळे आपापल्या कामात. ती एकटी समोर बघतेय.

"कोण आहे ही?"

"मले काय माहीत! काचेत तर तिथं कोणीच नव्हतं."

"तीन गावांत तीनदा, आणि तुम्हाला दिसली नाही?"

"अवं, तू काऊन तापून राह्यली?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "कागदावरच्या बाईले सवत समजून राह्यली माही सून!"

सगळे हसले. मी नाही. तसं हसून मी कधी तुमच्या आजोबांकडे पाहिलं होतं का, हेच मला आठवेना.

पुढच्या रविवारी मी सोबत गेले. वर्ध्याच्या एसटी स्टँडवर कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला. "आज मी काढणार. तुम्ही पानठेल्यापाशी उभे राहा." भरदुपार. काचेत पाहिलं — समोरचा बाक रिकामा. मान वर करून पाहिलं — रिकामा. खटका दाबला.

फोटो धुऊन आला तेव्हा बाकावर ती बसलेली होती. निगेटिव्ह मी स्वतः उजेडात धरली. एकावर एक दोन फोटो आले असते, तर बाकाच्या फळ्या तिच्या अंगातून दिसल्या असत्या. दिसत नव्हत्या.

पण मला टोचलं ते वेगळंच. मी काढलेल्या फोटोत ती समोर बघत नव्हती. मान वळवून पानठेल्याकडे पाहत होती. तेच हसू. घरी येऊन जुने फोटो काढले. कॅमेरा पोटाशी असायचा, आणि प्रत्येक फोटोत तिची नजर त्याच्या थोडी वर… म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर.

त्यानंतर दर रविवारी मी सोबत जाऊ लागले. ती पुन्हा कुठल्याच फोटोत आली नाही. का आली, का गेली — आजही सांगता येत नाही.

आजोबा गेले त्या दिवशी रडता रडता माझ्या मनात एकच होतं — आता तरी ती त्यांना दिसली असेल का?

त्यांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी मी माझा फोटो लावलाय. जिवंत माणसाचा तिथे लावू नये, असं शेजारणी दर वेळी बजावतात. लावलाय. चांगली पोज दिलेला.