हीटरच्या नळावरचा उ आणि ब

माझी मुलगी ट्रक चालवते, हे मी चार माणसांत पटकन सांगत नाही. कुणी विचारलंच तर "वाहतुकीच्या क्षेत्रात आहे" म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, कुठल्याशा ऑफिसात बसून सह्या करत असेल. तेवढ्यात ती स्वतःच उगवते. कोपरापर्यंत ग्रीस, नाकावर काळा पट्टा, आणि म्हणते, "काकू, जरा सरका हं, ट्रक मागे घ्यायचाय."

घरात आम्ही तिला उचापत म्हणतो. शाळेत जायच्याही आधी तिनं दारावरची घंटा खोलली आणि पुन्हा जोडली. त्यानंतर आमचं बटण दाबलं की घंटा शेजारी वाजायची. शेजारच्या आजी दार उघडायच्या, आमच्या पाहुण्यांना चहा पाजायच्या आणि मग आमच्याकडे पाठवायच्या. त्यांची तक्रार एकदाच आली, तीही आम्ही घंटा दुरुस्त करून घेतल्यावर.

पुढे ती शिकली, पदवी घेतली, पदवी भिंतीवर टांगली आणि लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक घेऊन आली. तो गल्लीत शिरला तेव्हा कपाटातली भांडी वाजली. तिचे वडील शिंपी. खालच्या खोलीत त्यांचं दुकान आहे. ते गळ्यात टेप तसाच ठेवून बाहेर आले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "खांद्यात फार ढगळ आहे."

पण काम तिला लगेच मिळालं. खिंडीपलीकडे वरचं गाव आहे. बर्फ पडलं की साधे ट्रक तिथं जात नाहीत, हा रणगाड्याचा चुलतभाऊ जातो. चारा, गॅसची सिलिंडरं, औषधं, जे लागेल ते ती नेते. अडचण एकच होती. ट्रकमधला हीटर. सैनिकाला थंडी वाजतच नाही अशी लष्कराची समजूत असावी. पायाशी एक डबा होता, आणि त्यातून गरम दुधावर घालतात तशी फुंकर यायची. काचेवर आतून बर्फ धरायचं आणि ही एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं ते कंगव्यानं खरवडायची. गेल्या हिवाळ्यात एकदा परत आली तर बोटं इतकी आखडलेली, की कोटाची बटणं निघेनात. यांनी एक शब्द न बोलता तिची बटणं काढून दिली. मी मात्र भरपूर बोलले. काळजी करायचं खातं घरात माझ्याकडे आहे. हे नेहमी म्हणतात, "तू उगाच जिवाला लावून घेतेस. माझ्याकडे बघ."

तर यंदा थंडी तोंडावर आली आणि यांनीच फर्मान काढलं. "हीटर नीट झाला तर जायचं. नाहीतर ट्रक भंगारात, आणि तू माझ्या दुकानात काजं-बटणं करायला."

"नीट म्हणजे किती नीट?" उचापतीनं विचारलं.

"तुझी आई खिंडीपर्यंत सोबत येईल. वर पोचेपर्यंत तिनं आपणहून स्वेटर काढला, तर नीट."

मी फ्रीज उघडायच्या आधी खांद्यावर शाल घेणारी बाई. फोनवर कुणी शिंकलं तर मी कानटोपी शोधते.

"बाबा, ही शुद्ध लबाडी आहे!"

"का? न्यायाधीश तुझीच आई. आईवर विश्वास नाही?"

ती चिडली की कामाला लागते. भंगारात गेलेल्या एका बसचा हीटर तिनं शोधून आणला. दोन पंख्यांचा, उशीएवढा. बसची वीज आणि या ट्रकची वीज एकाच दाबाची, म्हणून तो थेट चालला. इंजिनात तापलेलं पाणी जाड नळ्यांतून हीटरमध्ये न्यायचं आणि पंख्यांनी त्याची ऊब आत सोडायची, एवढीच त्यातली गंमत. पण इंजिनच मुळात पुरेसं तापत नव्हतं, म्हणून तिनं त्याचा थर्मोस्टॅट बदलला. मग पत्र्यातली भोकं बुजवली, एक वाट काचेकडे काढली आणि दारांना आतून जाड लोकर लावली. ती लोकर ओळखीची वाटत होती. दुकानात हे दोन दिवस कोटाचं कापड शोधत होते.

सगळं जोडून झालं तेव्हा तिनं इंजिन चालू ठेवून बघितलं. थोड्या वेळानं गल्लीतलं मांजर आत शिरलं, सीटवर उताणं झालं आणि काही केल्या बाहेर येईना. यांनी खिडकीतून ते पाहिलं. म्हणाले, "मांजर स्वेटर घालत नाही." आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

जायच्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ आला. तो पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर मोत्यासारखं, पण अक्षरांच्या बाबतीत महाकंजूष. दवाखान्याच्या दारावर त्यानं "डॉ. आत" एवढंच लिहिलं होतं. हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याला एक नळ होता, चालकाशेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याशी. त्यावर खुणा करायच्या होत्या. उचापत ट्रकखालून काहीतरी ओरडली, यानं "बरं बरं" म्हणून ब्रश बुडवला आणि लाल रंगात दोन अक्षरं काढली. एका बाजूला उ, दुसऱ्या बाजूला ब.

"हे काय रे?" मी विचारलं.

"ताई, सोपं आहे. उ म्हणजे उन्हाळा, ब म्हणजे बर्फ. भाऊजी, बर्फावर लावून ठेवलाय बघा. आता काळजी नको."

हे फक्त "हं" म्हणाले.

आम्ही निघालो. माझ्या अंगात दोन स्वेटर, वर शाल, कानटोपी. मी खिडकीशी, निकाल बघायला आलेले हे मधे, नळ यांच्या गुडघ्याशी. गाव मागे पडलं, चढ लागला, पंखे घुमायला लागले. आणि त्यातून आली फुंकर. तीच जुनी. उलट आता दोन पंख्यांची, म्हणजे दोन फुंकरी.

"इंजिन तापू दे," ती म्हणाली. इंजिन तापलं. आम्ही तापलो नाही. काचेच्या कडेला पांढरी नक्षी धरायला लागली. तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी मनात दोन्ही बाजूंनी देवाला सांगत होते: हीटर चालू दे, म्हणजे ती गारठणार नाही. नको चालू देऊस, म्हणजे ती जाणारच नाही.

शेवटी तिनं ट्रक कडेला घेतला. "काल मांजर भाजायचं बाकी होतं, आज काय झालं याला?" म्हणत पाना घेऊन उतरली आणि बॉनेट उघडलं.

बॉनेट वर झाल्याबरोबर समोरचं काही दिसेना. तेव्हा मी पाहिलं. यांचा हात हळूच गुडघ्याखाली गेला, आणि जे मला "माझ्याकडे बघ" म्हणतात, त्यांनी नळ फिरवला. ब वरून उ वर. म्हणजे पोरीनं बाहेर कितीही खटपट केली तरी आत नळ उन्हाळ्यावरच राहावा, आणि उन्हाळ्यात हीटर कोण लावतं? हात परत मांडीवर आला. चेहरा असा, की देवळातली मूर्तीही जरा जास्त हलत असेल.

मी काही बोलले नाही. तोंडावर शाल होती, हे कारण पुरे आहे.

बाहेर ठण् ठण् आवाज झाला. ती आत आली. "पंपाला दोन लगावल्यात. आता बघू." ट्रक निघाला.

पहिल्या वळणावर माझी नडगी कोमट झाली. दुसऱ्यानंतर काचेवरची नक्षी वितळून खाली ओघळली. त्यापुढे जे काही आलं त्याला हवा म्हणणं बरोबर नाही. नुकताच इस्त्री केलेला गरम कोट अंगात घातल्यासारखं वाटत होतं. मी कानटोपी काढली. मग शाल. यांच्या कपाळावर घाम, आणि नजर नळावरच्या लाल उ वर खिळलेली.

"उन्हाळा..." हे पुटपुटले.

"काय बाबा?"

"काही नाही. सहज आठवला."

खिंड दिसायला लागली आणि मी वरचा स्वेटर काढला. मग विचार केला, न्याय करायचा तर पुरता करावा, आणि दुसराही काढला. उचापतीनं इतका वेळ हॉर्न वाजवला की वरच्या गावातली कुत्री सामील झाली.

वर पोचल्यावर मी अगदी भोळेपणानं विचारलं, "काय गं, तो उ कशाचा?"

"उघडा. आणि ब बंद. खालून ओरडून सांगितलं की मी मामाला." बोलता बोलता ती थांबली. नळाकडे बघितलं, बाबांच्या गुडघ्याकडे बघितलं. "थांबा. मामानं तो सकाळी कशावर ठेवला होता?"

"बर्फावर," मी म्हटलं.

"मग उघडला कुणी?"

यांनी कपाळावरचा घाम टिपला. मग हे म्हणाले, "मी."

"का?"

यांनी घसा खाकरला. "तुला थंडी वाजत होती."

ट्रकमधून खाली उतरलो तर वारा कानशिलात बसत होता. यांचा कोट तसाच उघडा. ती समोर उभी राहिली आणि बटणं लावून द्यायला लागली, खालपासून वरपर्यंत, एकेक. "बाबा, खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

"उकडतंय म्हणून."

पेंटर दुसऱ्या दिवशी ओशाळून आला. पूर्ण शब्द लिहून देतो म्हणाला. तिनं हात लावू दिला नाही. "राहू दे मामा. उ म्हणजे उकाडा, ब म्हणजे बास."

आज ती एकटीच वर गेली आहे. पोचल्याचा फोन आला, उद्या दुपारी परतेल. मघाशी हे अंथरुणातून म्हणाले, "निघताना नळ उ वर होता ना? बघितलंस तू?"

"कुठल्या उ वर?" मी विचारलं. "उन्हाळ्याच्या की उघड्याच्या?"

यांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. कान तेवढे बाहेर राहिले.