चेंबरचे झाकण कोणी काढले

रस्त्यावर पावसाचे पाणी तुंबलेले दिसले की ती घटना मला आजही आठवते. तेव्हा मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावे कोणाचीच सांगणार नाही.

रात्रभर पाऊस झोडपत होता. उजाडताना चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला निघालेली एक बाई कासारवाडीच्या बाजूने, गुडघाभर पाण्यातून कंपनीच्या बसकडे चालली होती. पाण्याखाली चेंबर उघडे होते. ती कमरेपर्यंत आत गेली. मागून येणाऱ्या बायकांनी ओढून काढले म्हणून जीव वाचला, पण पाय दोन ठिकाणी मोडला. नवरा-बायको बीडकडचे, दोघेही कंत्राटी. तिचे काम दिवसभर उभ्याने करायचे.

दुपारी ठाण्यावर मोर्चा आला. सर्वांत पुढे शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. कंपनीतून निवृत्त झालेले, रक्तदान शिबिर असो की पाण्याची तक्रार, सगळीकडे धावून जाणारे. सारा परिसर त्यांना 'काका' म्हणायचा. मागचे लोक 'झाकणचोराला पकडा' म्हणून ओरडत होते. काका फारसे बोलले नाहीत. फिर्याद त्यांच्याच नावाने घेतली.

संध्याकाळी फोनवर खबर आली, की रात्री एका भंगारवाल्याचा टेम्पो त्या कोपऱ्यावर उभा होता. नाव न सांगता फोन ठेवला गेला. माझ्या माणसांनी भंगारवाल्याला चौकशीला आणले.

"टेम्पो तिथं कशाला लावला होता?"

"बंद पडला साहेब. इंजनात पाणी गेलं. ढकलत बाजूला घेतला आन् चालत घरी गेलो."

"झाकण कुठं विकलंस?"

"चोरी केली असती तर टेम्पो तिथंच सोडून गेलो असतो का?"

बोलताना त्याची नजर हलली नाही. चोरी करणाऱ्याचे उत्तर सहसा लांबलचक असते. याचे आखूड होते. पण बाहेर त्याचे दुकान फोडायची भाषा सुरू झाली होती. मी दुकानासमोर बंदोबस्त लावला.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी स्वतः घटनास्थळी गेलो. त्या रस्त्यावरची बाकीची झाकणे सिमेंटची होती. भंगारात सिमेंट कोण घेणार? मग आजूबाजूचे गवत उपसायला लावले. झाकण सोसायटीच्या भिंतीलगत पडले होते. त्याच्या कडेला पहारीचे ताजे व्रण. पंचनामा करून मी वॉचमनला विचारले, "रात्री सोसायटीत पाणी शिरलं होतं?"

"शिरलं होतं साहेब. पण लगेच उतरलं."

"कसं काय?"

तो गेटाकडे वळला.

मी काकांना पुरवणी जबाबासाठी बोलावले. बाहेरच्या बाकावर भंगारवाला आणि त्याची बायको बसली होती. काकांना पाहताच ती उठली.

"काका, तुम्ही मोठी माणसं. तुमच्या शब्दाला साहेब मान देतील. आमच्या मालकानं काय बी केलेलं नाही, एवढं सांगा की त्यांना."

काका तिथेच थबकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना घरी सोडा साहेब. झाकण मी काढलं."

आत बसल्यावर त्यांनी सगळे सांगितले. मीटरच्या खोलीत पाणी चढत होते. शॉर्टसर्किट होईल या भीतीने दोन शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी पहारीने झाकण उचकटले. पाणी भराभर उतरले. तिथे फांदी उभी करायची ठरले होते. भिजलेले कपडे बदलायला म्हणून घरी गेले आणि फांदीचे राहून गेले. पहाटेपर्यंत रस्त्यावर पुन्हा पाणी चढले.

"मग मोर्चात का आलात?"

"लोक दारात आले. म्हणाले, काका, तुम्ही पुढं व्हा. नाही म्हणायला तोंड नव्हतं."

निनावी फोनही शोधला. तो पहारीला हात लावणाऱ्या शेजाऱ्यांपैकीच एकाचा निघाला. भंगारवाल्याला मी सन्मानाने घरी पोचवले. सोसायटीचे लोक भेटायला आले, "साहेब, देवमाणूस आहे, मिटवून टाका." काकाच त्यांना म्हणाले, "काही मिटवायचं नाही." हलगर्जीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा तिघांवर लागला. काकांनी कोर्टात कबुली दिली, दंड आणि भरपाई भरली.

त्याआधी ते माझ्यासोबत हॉस्पिटलमध्ये गेले होते. त्या जखमी बाईने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, "नुसती खुर्ची जरी ठेवली असती ना काका, तरी मी वळसा घालून गेले असते." तिचे कंत्राट पुढे वाढले नाही.

नोकरीत मी वाईट माणसे शोधायला शिकलो होतो. या तपासात तसे कोणी सापडले नाही. घरात पाणी शिरले की माणूस हातपाय हलवणारच. पण आपले घर कोरडे झाले की आपले काम संपले, असे आपण धरून चालतो. त्या रात्री कित्येकांनी खिडकीतून ते उघडे चेंबर पाहिले होते. मी घरोघरी जबाब घेतले. बहुतेकांनी एकच सांगितले, "कोणीतरी बघेल असं वाटलं." त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते.